चारही नॉब फुल्ल

"तुम्ही होतात का स्टेजवर?" बायकोने विचारलं, आणि म्यूटरावांचा घास हातातच राहिला.

कार्यालयाचा वार्षिक समारंभ आटोपून दोघं नुकतीच घरी येऊन जेवायला बसली होती. म्यूटराव उपाशी होते आणि जरा खुशीतही होते. ती खुशी तिथल्या तिथे विरली.

"होतो म्हणजे? उजवीकडे, खांबाजवळ. गिटार नव्हतो का वाजवत?"

"दिसलात हो. पण ऐकू नाही आलात. ड्रम ऐकू आला, साहेबांचं गाणं ऐकू आलं, शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांचं घोरणंसुद्धा ऐकू आलं. तुमचं तेवढं राहिलं."

यात खवचटपणा नव्हता. बायको शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि मैदानाच्या एका टोकाला उभी राहून दुसऱ्या टोकाच्या पोरीला नुसत्या हाकेने थांबवू शकत होती. गळ्यातली शिट्टी केवळ शोभेची. अशा बाईच्या कानाला बारीक आवाज सापडत नाहीत, आणि म्यूटरावांचा आवाज बारीकच होता. हे नाव त्यांना कार्यालयाने दिलं होतं. ऑनलाइन मीटिंग सुरू झाल्या तेव्हा "तुम्ही म्यूटवर आहात" असं सगळे त्यांना ओरडून सांगत, आणि ते बिचारे माईक चालू ठेवूनच बोलत असत.

ते काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"कुठे काय? काही नाही."

"ओठ हलले तुमचे."

"मी विचार करत होतो गं."

आणि हे ते अगदी मनापासून म्हणत होते. आपण पुटपुटतो याचा म्यूटरावांना पत्ताच नव्हता. त्यांना वाटायचं आपण मनातल्या मनात विचार करतो. आजवर कुणाला तो विचार नीट ऐकूच आला नव्हता, त्यामुळे गैरसमज दूर व्हायचं काही कारणही नव्हतं.

त्या जेवणाच्या वेळी त्यांनी जो विचार केला तो मात्र पक्का ठरला. पुढच्या वर्षी आपण सोलो वाजवायचा. सगळे थांबतील, फक्त गिटार वाजेल, आणि शेवटचा सूर असा लांबवायचा की तो मागच्या रांगेत हिच्यापर्यंत पोचलाच पाहिजे. इतकी वर्षं संसार केला, एकदा तरी हिला आपण ऐकू यायला हवं. साहेबांनीही परवानगी दिली. ते तेव्हा फोनवर होते आणि त्यांनी मान हलवली ती कुणाला, हे सांगणं अवघड होतं; पण म्यूटरावांनी ती आपल्या खात्यावर जमा करून घेतली.

अडचण एकच होती. गिटार जुनी, हात हलका. जोरात छेडलेला सूर अंगावर यायचा आणि हळू छेडलेला पहिल्या रांगेच्या आतच गतप्राण व्हायचा. यावर औषध काय, याचा शोध घेता घेता म्यूटराव कंप्रेसर पेडलपाशी येऊन पोचले. पायाशी ठेवायची एक लहानशी डबी. मोठा सूर आला की ती त्याला दाबते, लहान सूर आला की वर उचलते, आणि मरायला टेकलेल्या सुराला आणखी थोडा वेळ जगवते.

मग व्हिडिओ सुरू झाले. एक दाढीवाला तरुण स्वस्त कंप्रेसर आणि महाग कंप्रेसर एकामागोमाग वाजवायचा आणि विचारायचा, "ऐकलात फरक?" म्यूटरावांना फरक ऐकू यायचा नाही. मग तो तरुणच सांगायचा, "ऐकू आला नसेल, तर आधी चांगले हेडफोन घ्या." दुसरा एक जण म्हणायचा की परवडणारा कंप्रेसर घ्यायचाच तर अमुक घ्या, पण अजून थोडेच पैसे घातलेत तर तमुक मिळतो. तमुकवाल्याचं आणखी थोड्या पैशांत ढमुकवर बोट. असं थोडं थोडं करत म्यूटराव एका संध्याकाळी गिटारपेक्षा महाग पेडलसमोर बसलेले सापडले.

"एवढं काय असतं हो त्यात?" बायकोने मागून डोकावत विचारलं.

"सगळे जाणकार एकच सांगतात. चांगला कंप्रेसर चालू असताना कळतच नाही. बंद केला की जाणवतं, काहीतरी कमी आहे."

"मग तो विकत कशाला आणायचा?" बायको म्हणाली. "घरात मी आहे ना."

म्यूटरावांनी यावर विचार केला. ओठ हलले. बायकोला ऐकू आलं नाही.

खरी गंमत पुढे झाली. बॅण्ड कार्यालयाचा, तेव्हा डबीही कार्यालयाने घ्यावी, असं युनियनच्या दादांनी परस्पर ठरवून टाकलं. दादा बॅण्डमध्ये ड्रम वाजवत आणि एरवी टेबल. कर्मचारी कल्याण निधीत पैसे पडून होते. आणि म्यूटराव स्वतः खरेदी विभागात. म्हणजे सगळा मामला घरचाच. पण घरचा मामला म्हटलं की नियम जास्त पाळावे लागतात. तीन दुकानांची तीन कोटेशनं आणि समितीची बैठक, याशिवाय त्या कार्यालयात टाचणीही येत नसे.

गावात गिटारचं दुकान एकच होतं. दुकानदाराने एक कोटेशन स्वतःच्या नावाने दिलं, एक बायकोच्या आणि एक मेव्हण्याच्या, प्रत्येकात वेगळं पेडल. तिन्हींतलं अक्षर एकाच हाताचं होतं, पण नियम फक्त आकडे वेगळे हवेत एवढंच म्हणत होता.

"माझं ऐका," दुकानदार म्हणाला, "हा दोन नॉबवाला घ्या. स्वस्त आहे, आवाज स्वच्छ आहे. चार नॉबवाल्याच्या नादी लागू नका. तो पडेल किमतीत मिळतो खरा, पण जरा वाढवला की सूं सूं असा आवाज करतो."

म्यूटरावांनी ही शिफारस समितीपुढे जशीच्या तशी मांडली. समितीत साहेब, दादा आणि अकाउंट्सवाल्या बाई. म्यूटराव सचिव, म्हणजे चहा सांगणारे.

"पण हे यंत्र नेमकं करतं काय?" बाईंनी चष्मा वर सरकवला.

"मोठ्याला दाबतं आणि लहानाला वर काढतं," म्यूटराव म्हणाले.

दादांनी टेबलावर थाप मारली. "हेच तर आपण इतकी वर्षं मागतोय! मंजूर!"

"एक मिनिट," साहेब सावध झाले. "मोठ्याला दाबतं म्हणजे? मोठा कोण, हे ठरवतं कोण?"

"गिटारचा आवाज, साहेब. फक्त गिटारचा."

"मग ठीक आहे. माझ्या माईकला जोडू नका म्हणजे झालं."

राहिला प्रश्न तीनपैकी कोणतं घ्यायचं हा. आवाज ऐकून ठरवू असं म्यूटराव म्हणाले, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. बाईंनी कॅल्क्युलेटर काढला, प्रत्येक पेडलच्या किमतीला त्याच्या नॉबांच्या संख्येने भागलं आणि निकाल दिला. चार नॉबवाला नॉबामागे सगळ्यांत स्वस्त पडत होता. शिवाय त्याला लाल दिवा होता, तो हिशेबात न धरता.

"दुकानदार दोन नॉबवाला घ्या म्हणत होता," म्यूटराव म्हणाले.

"तो म्हणणारच," बाई म्हणाल्या. "त्याचा त्यात फायदा असेल."

पेडल आलं. दुकानदार स्वतः घेऊन आला, कारण बिलावर सही हवी होती. समिती पेडलभोवती जमली. चार नॉब कशाकशाचे ते म्यूटरावांनी गिटार जोडून समजावून सांगितलं आणि म्हणाले की साधारण निम्म्याच्या खालीच ठेवतात.

"निम्म्याच्या खाली?" बाई उडाल्याच. "चारही नॉबांचे पूर्ण पैसे मोजलेत. निम्मे वापरले नाहीत तर ऑडिटला काय उत्तर देऊ मी?"

"कामगारांच्या निधीतून आलंय," दादा म्हणाले. "कमी का म्हणून? फुल्ल पाहिजे!"

साहेबांनी चारही नॉब स्वतःच्या हाताने शेवटपर्यंत पिळले. ॲम्प्लिफायरमधून सूं सूं असा आवाज येऊ लागला. यंत्र काम करतंय याचा तो पुरावा आहे, असं समितीचं मत पडलं.

आता हे कार्यालय होतं पाण्याचे मीटर तपासण्याचं. इथे गेली कित्येक वर्षं एकच काम चालत आलं होतं. मीटर तपासायचा, योग्य ठरवायचा आणि कुणी त्याच्याशी छेडछाड करू नये म्हणून तार ओवून शिशाचं सील ठोकायचं. तपासलेली वस्तू सील न करता सोडायची म्हणजे इथल्या लोकांना चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. दादा तार घेऊन आले. बाईंनी चिमटा आणला. बघता बघता चारही नॉब मंजूर स्थितीत सीलबंद झाले.

"अहो, पण..." म्यूटराव म्हणाले.

"सर्वानुमते," साहेबांनी बाईंना लिहायला सांगितलं.

"निदान पायाचं बटण तरी मोकळं ठेवा," दुकानदार कळवळून म्हणाला. "चालू-बंद करायला लागतं."

"निधीतून घेतलेलं यंत्र बंद दिसलं तर लोक काय म्हणतील?" दादा म्हणाले आणि त्यांनी तेही सील केलं. लाल दिवा अखंड तेवत राहिला.

तेवढ्यात बाईंना शिंक आली. त्या गिटारच्या शेजारीच उभ्या होत्या. पुढच्याच क्षणी ॲम्प्लिफायरही शिंकला, आणि तो बाईंपेक्षा जोरात शिंकला.

दुकानदाराने कपाळावर हात मारला. म्यूटरावांना बाजूला घेऊन तो म्हणाला, "तुमची गिटार जुनी आहे. तारांखालचा भाग आतून सैल झालाय, जवळ कुणी बोललं तरी तो पकडतो. एरवी ते इतकं बारीक असतं की कळणारसुद्धा नाही. पण हा कंप्रेसर असा पिळून ठेवलाय की कुजबुजसुद्धा हॉलभर जाईल. वाजवत नसाल तेव्हा गिटारचा आवाज शून्यावर ठेवत जा."

"त्याचा नॉब कधीच निसटून हरवलाय हो."

"मग तोंड बंद ठेवा."

"ते काय," म्यूटराव हसले, "माझं बंदच असतं."

बाईंनी मात्र बैठकीच्या नोंदीत शिंकेचा उल्लेख 'यंत्राची जादा सोय' असा केला.

समारंभाच्या संध्याकाळी म्यूटराव इस्त्रीचा शर्ट घालून लवकर पोचले. महिनाभर ते सोलो घोटत होते. सूं सूं आवाज होता, पण शेवटचा सूर खरंच लांबायचा, इतका की तो संपेपर्यंत माणसाला घरची आठवण यावी. बायको शेवटच्या रांगेत बसली होती, गळ्यात पिवळा स्कार्फ बांधून, म्हणजे स्टेजवरून दिसावी. येताना ती म्हणाली होती, "मागेच बसते. तिथपर्यंत पोचलात तर मानलं."

पडद्यामागे साहेब भेटले.

"हां, म्यूटराव. ते तुमचं मधलं वाजवणं आहे ना, ते काढून टाका. त्या जागी मी आलाप घेतो. लोकांना माझा आवाज आवडतो."

"साहेब, सोलो..."

"काय म्हणालात?"

"काही नाही," म्यूटराव म्हणाले.

ते खांबाजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. दादांचा ड्रम अगदी मागे होता, म्हणून दर वर्षीप्रमाणे कानांत कापसाचे बोळे घातले. गिटार मांडीवर घेतली आणि लहान मुलासारखी छातीशी धरून तिच्यावर मान टाकली. इतकं वाईट त्यांना बढती हुकली तेव्हाही वाटलं नव्हतं. हॉलचे मोठे स्पीकर पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. स्टेजवरच्या माणसांना आपला आवाज बाहेर कसा जातोय ते कळत नाही, आणि साहेबांच्या बाबतीत तर ते नेहमीचंच होतं.

गाण्याआधी साहेबांचं छोटंसं भाषण होतं.

"मित्रहो," साहेब म्हणाले, "आपल्या कार्यालयात वेळेला फार महत्त्व आहे."

म्यूटरावांच्या मनात आलं, हो तर, साहेबांची गाडी साडेअकराला लागते आणि तेच घड्याळ समजून शिपाई जेवायला जातो.

हॉलमध्ये एकदम हशा उठला. साहेब चमकले. त्यांच्या भाषणाला आजवर कुणी हसलं नव्हतं. त्यांनी कागद खिशात घातला आणि माईक हातात घेतला.

"आणि मी कधी दुसऱ्याच्या कामाचं श्रेय लाटलं नाही!"

म्यूटरावांच्या मनात आलं, अहवाल माझा, बक्षिसाची ढाल साहेबांच्या टेबलावर. लाटलं नाही, नुसतं उचललं.

लोक खुर्च्यांत मागे-पुढे होऊ लागले. आज साहेब रंगात दिसतायत, असं म्यूटरावांना वाटलं. कापसातून जवळ उभ्या साहेबांचे शब्द तेवढे येत होते, हॉलमधले नाही, पण माणसं पोट धरून हसत होती एवढं दिसत होतं.

"आपली खरेदी तर आरशासारखी स्वच्छ!"

म्यूटरावांच्या मनात आलं, तीन कोटेशनं आणि अक्षर एकच. नॉबाच्या भावाने कंप्रेसर घेणारं आपलं जगातलं पहिलं कार्यालय असेल.

अकाउंट्सवाल्या बाईंनी पदराने तोंड झाकलं. मागे दादांच्या हातातल्या काठ्या ड्रमवर पडल्या. साहेबांना आता थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. आयुष्यभर ज्या दादेची वाट पाहिली ती आज मिळत होती. त्यांनी कोट काढला, बालपणापासून सुरुवात केली, आणि प्रत्येक वाक्यानंतर लोकांना हसायला वेळ देऊ लागले. लोक त्या वेळाचं सोनं करत होते. आलाप राहिला, गाणं राहिलं. हॉलचा रखवालदार दोनदा दिवे मिचकावून गेला.

शेवटी घसा कोरडा पडला म्हणून साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला. हॉल शांत झाला. म्यूटरावांनी मान वर करून शेवटच्या रांगेकडे पाहिलं. पिवळा स्कार्फ दिसला.

त्यांच्या मनात आलं, बसलीय बिचारी. यंदाही विचारील, होतात का स्टेजवर. तिला एक सूर ऐकवायचा होता, तोही गेला. घरभर तिचाच आवाज असतो, आपण म्हणतो कटकट. पण ती चार दिवस शिबिराला गेली की घर खायला उठतं. भांडी वाजवत बसतो, नुसता आवाज व्हावा म्हणून. चालू असते तेव्हा कळत नाही. हे तिला सांगायला हवं होतं. पण आपलं ऐकतं कोण?

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. कुणीतरी नाक ओढलं. मग एका कोपऱ्यातून टाळी आली, दुसरीकडून आली, आणि बघता बघता अख्खा हॉल टाळ्या वाजवत उभा राहिला. आपल्या नुसत्या पाणी पिण्यालाही टाळ्या पडतायत हे पाहून साहेबांचे डोळे भरून आले.

शेवटच्या रांगेत पिवळा स्कार्फ उभा राहिला, आणि माईकशिवाय, शिट्टीशिवाय, भर मैदानावरची हाक आली.

"अहो! ऐकू आलं!"

ही हाक कापसालाही दाद देणारी नव्हती. म्यूटराव दचकून उभे राहिले.

"धन्यवाद, बाई," साहेब छातीवर हात ठेवून वाकले.

मागून दादा आले, त्यांनी म्यूटरावांच्या कानातला बोळा उपटला आणि पायाशी तेवणाऱ्या लाल दिव्याकडे बोट दाखवलं. "सगळं," ते म्हणाले. "पहिल्यापासून. शब्द न् शब्द."

म्यूटराव मटकन खाली बसले. "मी तर विचार करत होतो," असं ते म्हणाले, आणि तेही हॉलभर गेलं.

दुसऱ्या दिवशी ते राजीनामा खिशात घालून कार्यालयात गेले. साहेबांनी आत बोलावलं.

"बसा, बसा," साहेब म्हणाले. "काल पाहिलंत ना लोकांना? मी रात्रभर विचार केला. नेहमी मी बोलतो तेव्हा लोक जांभया देतात, कालच असं का व्हावं? मग लक्षात आलं. तुम्ही बाजूला गिटार घेऊन गप्प बसला होतात, त्याने वातावरण तयार होतं. यापुढे माझ्या प्रत्येक भाषणाला तुम्ही तसेच बसायचं. वाजवायचं नाही हां. आणि ते यंत्र जसं आहे तसंच राहू द्या. सील तोडायचं नाही."

कार्यालयात एवढी माणसं, पण खरी गोष्ट साहेबांना कुणी सांगितली नाही. इतकी एकी युनियनला संपाच्या वेळीही जमली नव्हती. उलट पुढचं भाषण कधी, याची चौकशी सुरू झाली, आणि जिना चढता चढता लोक म्यूटरावांना गाठून साहेबांविषयी हवं-नको ते कानात सांगू लागले. कुणी त्यांना बोलायला सांगत नव्हतं. फक्त विचार करा म्हणत होते.

त्या संध्याकाळी म्यूटराव गिटार, ॲम्प्लिफायर आणि ती सीलबंद डबी घेऊनच घरी परतले. सोलो तर राहिलाच, पुढेही वाजेलसं दिसत नव्हतं, आणि त्याचं त्यांना थोडं वाईट वाटत होतं. बायको गॅससमोर उभी होती. कालपासून ती नेहमीपेक्षा हळू बोलत होती आणि ते त्यांना सोसवत नव्हतं. दारातच ते काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"काही नाही गं."

बायकोने गॅस बारीक केला, ओले हात पुसले आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

"थांबा," ती म्हणाली. "आधी गिटार काढून जोडा, आणि मग म्हणा."